घराच्या आत गेलेले दाजी

आमच्या दाजींइतका सूर्यावर हक्क सांगणारा माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक. त्यांचा धंदा घरांची चित्रं काढण्याचा. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, ते पाया खोदायच्या आधीच कॉम्प्युटरवर फोटोसारखं दाखवायचं. त्या चित्रात ऊन कुठून यायचं हे दाजी ठरवत, आणि ते कायम डावीकडून, कलत्या दुपारचं, केशरी रंगाचं येई. भालकीच्या एका व्यापाऱ्याने भीत भीत विचारलं होतं, "अण्णा, माझं घर उत्तरेकडं तोंड करून हाय. तिकडून ऊन कसं यायलंय?" दाजी म्हणाले, "चित्रात यायलंय न्हवं? मग घरात कामून येईना?" व्यापारी निमूटपणे चित्र घेऊन गेला आणि पुढे आपल्या मेहुण्यालाही घेऊन आला.

हे ऊन पाडणारं सॉफ्टवेअर दाजी उमेदीच्या काळात शिकले होते. बनवणाऱ्यांनी ते कधीच बंद केलं होतं आणि नव्या कॉम्प्युटरवर ते चालतही नसे. म्हणून दाजींनी आपला जुना कॉम्प्युटर जावयासारखा सांभाळला होता. एक चित्र तयार व्हायला अख्खी सकाळ जाई. तेवढा वेळ अक्काने मिक्सर लावायचा नाही, इस्त्री करायची नाही, कारण विजेचा दाब जरा हलला तरी सगळं पहिल्यापासून. आलेला पाहुणा मोठ्याने बोलला तर दाजी ओठांवर बोट ठेवत. "हळू. त्यो विचार करायलाय." अक्का वर्षानुवर्षं चटणी पाट्यावर वाटत आली. "सवत असती तर भांडले तरी असते," असं ती म्हणे. मी बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात नकाशे काढतो. माझ्या लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर होतं. त्यात चित्र बोलता बोलता तयार होई, शिवाय कळ दाबत त्या घराच्या आत फिरताही येई. दाजींनी ते एकदा पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "पुरण शिजावं लागतंय, बाबा. हे तुझं पाकिटातलं हाय." इकडे गिऱ्हाइकं मात्र एकेक करून दुसऱ्या दुकानांत जायला लागली होती. दाजी ते बोलून दाखवत नसत, पण फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलत.

अशात, मी सुट्टीला अक्काकडे आलेलो असताना, ठाणाकुशनूरचे एक निवृत्त गुरुजी घराचं चित्र बघायला आले. सोबत त्यांची बायको होती. बाईंचे पाय लुळे पडलेले, म्हणून चाकाच्या खुर्चीत. "जयभीम, साहेब. उद्या मिस्त्री पाया धरायलाय," गुरुजी म्हणाले. दाजींनी त्यांना हळू बोलायची खूण केली आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. जळक्या वायरीचा वास सुटला. दाजींनी तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्या डब्यावर हात ठेवला. मग अक्का मला म्हणाली, "तुझं काढ बरं."

दाजींनी काढलेल्या नकाशाची प्रत माझ्या लॅपटॉपवर होतीच. चहा येईस्तोवर घर उभं राहिलं. गुरुजी खूश झाले. मी त्यांना दारातून आत नेलं, बैठक दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं. मग बाई म्हणाल्या, "मागच्या अंगणात न्या." मी मागचं दार उघडलं. बाहेर पायऱ्या होत्या.

"थांबा. हितून मी कशी उतरू?"

"मी हाय की. मी उतरवीन," गुरुजी म्हणाले.

"आन् तुमी शेताला गेल्यावर?"

त्या पायऱ्या दाजींनीच काढलेल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्या हातातला माऊस घेतला आणि मला म्हणाले, "उतार कसा करायचा ते सांग." दाजींनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. पायऱ्या गेल्या, न्हाणीचं दार रुंद झालं, ओटा खाली आला. प्रत्येक वेळी दाजी बाईंकडे वळून विचारत, "आता बघा, आता जमतंय का?" बाई म्हणाल्या, "अजून एकदा जाऊ." मग आम्ही पुन्हा त्याच न बांधलेल्या घरातून सावकाश फिरलो. अंगणात पोचल्यावर बाई हसल्या.

त्यानंतर दाजी नवं सॉफ्टवेअर शिकले. शिकताना एका घराचं छत त्यांनी तळ्यात बुडवलं, एका स्वयंपाकघरात नारळाचं झाड उगवलं, आणि दोन्ही वेळा दोष माझ्या लॅपटॉपला दिला. अक्का भर दुपारी मिक्सर लावू लागली.

गुरुजींच्या घरभरणीला दाजी आणि मी गेलो. बाई स्वतःच चाकं फिरवत आम्हाला अंगणात घेऊन गेल्या. जेवून आम्ही निघालो. परतताना दाजी मोटारसायकल चालवत होते, मी मागे. त्या रस्त्याला त्यांनी काढलेली पुष्कळ घरं आहेत. एका गावात त्यांनी गाडी एका दुमजली घरासमोर थांबवली. उंच जोतं, त्याला रस्त्यावरूनच छाप पडेल अशा उभ्या पायऱ्या. एक म्हातारे गृहस्थ कठडा धरून चढत होते. एक पायरी चढायची, मग दम खायचा.

"माझंच हाय हे," दाजी म्हणाले. "चित्रात चांगलं दिसतंय म्हणून मीच उंच करायला लावलं."

मी म्हटलं, "चला दाजी, उशीर व्हायलाय."

"थांब जरा."

म्हातारबुवा दारात पोचेपर्यंत त्यांनी गाडी चालू केली नाही.