तिची बॅटरी

सरळच लिहितो. मला तिच्या लॅपटॉपच्या बॅटरीचा हेवा वाटतो, आणि तो अजून गेलेला नाही.

शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून आमचं आंदोलन चालतं. पत्रकं मी लिहितो. ती आंदोलनातली माझी सहकारी, धुळ्यातल्या देवपूरची; मी फैजपूरकडचा, केळीवाल्या घरातला. पारोळ्याच्या बाजार समितीत शेतकऱ्यांची सभा ठरली तेव्हा बैठकीत एक गोष्ट पक्की झाली: तिथं जो आंदोलनाची फिल्म दाखवून बोलेल, तोच पुढे वीज अधिकाऱ्यांसमोर सगळ्यांच्या वतीनं बोलणार. तो मीच, असं मी धरून चाललो होतो. म्हणून लॅपटॉप घ्यायला जळगाव गाठलं. तिनंही त्याच महिन्यात धुळ्यात घेतला.

दुकानातल्या शेठनी विचारलं, "भाऊ, काम काय करणार यावर?"

"आंदोलन."

"मग हा घ्या. प्रोसेसरच्या नावात शेवटी यू आहे. वीज कमी पितो, दिवसभर चालतो."

"आणि तो?"

"तो एच. ताकदीचा आहे, पण बॅटरी खातो. प्लगजवळ बसून काम असेल तर तो बरा."

माझं डोकं फिरलं. गावाकडचा दिसला की हलका माल पुढे करायचा! शेतकऱ्याच्या पोरानं ताकदीचं यंत्र मागू नये का? मी उभ्या उभ्या चांगलं सुनावलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाषण छान झालं. बिल कोणाच्या नावानं करू?"

तरी खात्रीसाठी काकांना, आमच्या आबांना, फोन लावला. आबा म्हणाले, "घ्यायची त मोठी घे बापा. तीनच्या मोटरनं केळी भिजते का?" आमच्याकडे घराची पत मोटरच्या एचपीवर ठरते, विहिरीत पाणी किती, हा प्रश्न मोटर बसवून झाल्यावर निघतो. मी प्रोसेसर तसाच घेतला. एच.

आणि तो कामाला आला, हेही लिहायलाच हवं. फिल्म जोडायला बसलो तेव्हा तिच्या लॅपटॉपनं मान टाकली. "माझा दमला रे," ती म्हणाली. चहा येईपर्यंत माझ्या यंत्रावर फिल्म तयार. मी असा मिरवलो की विचारू नका. तिनं फक्त एक कॉपी मागून घेतली. "असू दे जवळ."

सभेच्या दिवशी जळगावहून पारोळ्याच्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप उघडून फिल्ममध्ये शेवटपर्यंत फेरफार करत होतो. मांडी भाजत होती. पोचल्यावर चार्ज करू म्हटलं, तर बाजार समितीत वीज गेलेली. दिवसा. अर्थातच.

मोठा पडदा नव्हता. धान्याच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवला, शेजारी बॅटरीचा स्पीकर, भोवती माणसं दाटली. फिल्म सुरू झाली आणि आतला पंखा घोंगावू लागला. पुढचे एक नाना कान देऊन म्हणाले, "भाऊ, हाई काय शे? पीठनी गिरणी?"

हशा. फिल्ममधली बाई रात्रीच्या पाणीभरणीबद्दल तोंड उघडणार, एवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा.

"मोटर जळनी का रे भाऊ?"

पुन्हा हशा. तिनं आपला लॅपटॉप त्याच पोत्यांवर ठेवला. आवाज नाही, ऊब नाही. फिल्म पुढे चालू. सकाळी धुळ्याहून निघाल्यापासून तो चालूच होता म्हणे. फिल्म संपली आणि तीच बोलली. माझ्या पत्रकातली वाक्यं, माझी फिल्म, आणि नाना ओरडतायत, "ताई, बठ्ठं खरं शे!" सगळंच्या सगळं खरं. तिनं फिल्म माझी आहे हेही सांगितलं. ते जास्त झोंबलं.

परतताना तिनं विचारलं, "रागावलास?"

"नाही."

"तोंड लॅपटॉपसारखं तापलंय तुझं."

ठरल्याप्रमाणे वीज अधिकाऱ्यांसमोर ती बोलणार होती. ऐनवेळी फिल्ममध्ये काही कापाकापी लागली तर म्हणून माझं यंत्रही सोबत हवं होतं. वीज कार्यालयात भर दुपारी सगळे दिवे लागलेले, पंखे गरगरताहेत. तिथं लोडशेडिंग ठाऊकच नाही. मी भिंतीजवळ, विटेएवढा चार्जर प्लगमध्ये खुपसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो. ती लॅपटॉप हातावर तोलत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होती, प्रत्येक साहेबाच्या नाकासमोर फिल्ममधल्या त्या बाईचा चेहरा धरत होती. साहेबांना मान वळवायलाही जागा उरली नाही.

रोहित्र जळलं की किती दिवस वाट पाहावी लागते, तो मुद्दा ती विसरली असं मला वाटलं. मी तावातावानं उठलो. वायर ताणली गेली, चार्जर जमिनीवर आदळला, सगळे वळून पाहू लागले. मी पुन्हा बसलो. मुद्दा तिनं घेतलाच, अगदी शेवटी, आणि माझ्यापेक्षा चांगला मांडला.

बाहेर आल्यावर मी तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात चोरून पाहिलं. बॅटरी अजून अर्ध्याच्या वर होती.