बावीस सेकंद

आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या नर्सला सगळे सेकंदबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची माझीही छाती नव्हती, आणि मी तर तिथला मोठा डॉक्टर. अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळण्यात तिची तीस वर्षं गेली होती. मॉनिटर असो वा नसो, मनगटावरच्या घड्याळावर ती श्वास मोजायचीच.

अशी बाळं श्वास घ्यायचंच विसरतात. म्हणून त्यांना आम्ही कॅफीन देतो, तेच ते चहा-कॉफीतलं, रोज मोजून. बाळ वाढलं की ते बंद करायचं आणि सात दिवस पाहायचं. त्यात एकदा जरी वीस सेकंद श्वास थांबला, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका मुलाचा तो सहावा दिवस होता. त्याच्या आईने खुर्चीत सात आठवडे काढले होते. घरी थोरली मुलगी वाट बघत होती. अंग पुसायला मॉनिटरच्या वायरी काढल्या आणि नेमका तेव्हाच बाळाचा श्वास थांबला. सेकंदबाईने तळपायाला टिचकी मारली, तो परत आला, आणि तिने कागदावर लिहून टाकलं: बावीस सेकंद.

दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. मला दुसऱ्या बाळासाठी जागा हवी होती, आणि त्या आईची दयाही येत होती.

"सिस्टर, गार लागलं असेल त्याला. खोडा ते."

"पेन तुमच्या खिशात आहे, डॉक्टर. तुम्ही खोडा आणि खाली सही करा."

माझा हात काही खिशाकडे गेला नाही. राग मात्र असा आला, की दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही.

आई तर तिच्यावर तुटूनच पडली. "तुम्हाला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून."

"नाही," सेकंदबाई म्हणाली. "तरी सात दिवस तो इथून हलणार नाही."

नंतर ती बराच वेळ दुधाच्या वाट्या धुत राहिली, धुतलेल्याच.

पुढचे सात दिवस काहीही झालं नाही. म्हातारीचं घड्याळ बिघडलंय, अशी वॉर्डभर कुजबुज झाली. तिने ती नीट ऐकली आणि मोजत राहिली.

घरी जायच्या दिवशी आई तिच्याकडे न बघता निघाली. दारापाशी थांबली.

"खरंच बावीस होते?"

"बावीस."

आईने दुपट्याची कड बाळाच्या नाकापासून खाली सारली, आणि ती गेली.