रानबीटची सात जादा रोपं

२०२२ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. माझ्या हातात रजिस्टर, पुढ्यात बारा कुंड्या, आणि ग्लेन माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी ती रोपं खिशातून आणलीत.

"डॅटू, बिया आल्या बारा. तू रोपं लिहिलीस पंधरा."

"पंधरा आहेत म्हणून पंधरा लिहिली."

माझं नाव दत्तोबा. ग्लेनला तेवढंच जमतं. तो आमचा कम्प्लायन्स मॅनेजर. कम्प्लायन्स म्हणजे काम नियमात बसतंय का ते बघणं. काम होतंय का, ते दुसरं कोणीतरी बघतं. मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका संशोधन संस्थेत ग्लासहाऊस सांभाळायचो. शिक्षण चौथी. सासवडला तीस वर्षं स्वतःची नर्सरी होती. ती बंद करून मुलीकडे आलो. ती इथे हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, "आबा, आता आराम करा." आठ दिवस केला. जमला नाही.

तर रानबीट. आपण कोशिंबिरीत घालतो ते बीट, साखरेचं बीट, इथे हिवाळ्यात गाईंना चारतात ते बीट, सगळी एकाच घराण्यातली. रानबीट हा त्यांचा समुद्रकाठचा भाऊबंद. मूळ बोटाएवढं, तेही लाकडासारखं. गोडी नाही, रूप नाही. पण पानांवर रोग पडला की शेतातलं बीट माना टाकतं आणि रानबीटातलं एखादं रोप तसंच उभं राहतं. ती ताकद शेतातल्या बीटात आणायची, हे आमच्या डॉक्टरबाईंचं काम. डॉक्टर मृणाल, पुण्याच्या. बिया परदेशातून आलेल्या, पुन्हा मिळतील याची खात्री नाही. म्हणून क्वारंटाइन ग्लासहाऊस. दोन दारं, पांढरा कोट, आत गेलेलं पान बाहेर येता कामा नये, आणि प्रत्येक झाडाची नोंद.

आता गोम अशी, की बीटचं बी म्हणून जे दिसतं ते एक बी नसतंच. खडबडीत गोळी असते. तिच्यात दोन-तीन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या. एका गोळीतून एक रोप येतं, दोन येतात, तीनही येतात. नाहीतर काहीच येत नाही. आमच्या बारांपैकी चार गोळ्या मुक्या राहिल्या. आठांतून पंधरा रोपं आली.

ग्लेनच्या कॉम्प्युटरात मात्र एका बियाला एकच रोप होतं.

"म्हणजे चार रोपं गहाळ आहेत," तो म्हणाला, "आणि सात जादा."

"गहाळ नाहीत बाबा. उगवलीच नाहीत."

"त्याचा फॉर्म वेगळा आहे."

"मग सातांतली चार त्या चारांच्या जागी धर."

त्यानं खरंच विचार केला. "तरी तीन उरतात. नको. शुक्रवारपर्यंत सातही नष्ट कर. स्वीट अ‍ॅज?" म्हणजे, चालेल ना?

"कुठली सात?"

"जी जादा आहेत ती."

मी चार नंबरची कुंडी पुढे ओढली. तिच्यात दोन रोपं, मानेला मान लावून. "यातलं जादा कुठलं? बोट ठेव."

ग्लेननं हात कोटाच्या खिशात घातला.

दाराबाहेर डॉक्टरबाईंनी मला गाठलं. "काका, उगवलेल्या कुंड्या मोजायच्या होत्या, रोपं कशाला मोजलीत? आठ लिहिलं असतं तर कोणी आत डोकावलं नसतं!"

"बाई, मला चौथीपर्यंत जे असेल ते मोजायला शिकवलं. पुढचं गणित तुमचं."

त्या हसल्या नाहीत. "पंधरांत एखादंच रोगाला पुरून उरेल. ते नेमकं त्या सातांत असलं तर माझी तीन वर्षं मातीत गेली."

मग मीही हट्टाला पेटलो. ग्लेनला सांगितलं, कुठली सात ते लिहून सही करून दे, लगेच उपटतो.

त्यावर मीटिंग झाली. पाच माणसं, दोन प्रकारची बिस्किटं. मलाही बोलावलं. एकानं चिठ्ठ्या टाकायला सुचवलं. दुसरा म्हणाला, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारू. ग्लेन माझ्यावर घसरला. "पलीकडच्या ग्लासहाऊसमध्ये तू रोज विरळणी करतोस. शेकडो रोपं उपटतोस. तेव्हा नाही विचारत कुठली!"

विरळणी म्हणजे दाट उगवलेल्यातलं एक ठेवून बाकीची काढणं. तो म्हणाला ते खरंच होतं. म्हणून मी आवाज चढवला. "ती मी माझ्या मनानं उपटतो. ही तुझ्या सहीनं उपटीन."

सही कोणी केली नाही. शुक्रवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. ग्लेन दर सोमवारी मला ईमेल पाठवायचा. मी ईमेल वाचत नाही, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात बाईंनी चाचणीसाठी रोपांवर रोग सोडला. तीन आठवड्यांत पानापानांवर ठिपके आले. चौदा रोपं गेली. चार नंबरच्या कुंडीतलं एक उभं राहिलं, हिरवंगार. त्याचं जुळं शेजारीच आडवं झालेलं. बाई कुंडीपुढे खाली बसल्या आणि एकेक पान उलटून बघू लागल्या.

दुपारी ग्लेन दोन वरिष्ठांना घेऊन आला. फोटो निघाले. मग तो माझ्या कानाशी लागला. "डॅटू, हे जादातलं नाही ना?"

"बोट ठेवशील ते कायदेशीर."

या वेळी त्यानं झटकन त्या उभ्या रोपावर ठेवलं. गेलेल्या चौदांतली सात 'नियमानुसार नष्ट' म्हणून फॉर्मवर चढली, उरलेली सात 'चाचणीत गेली' म्हणून. हिशेब जुळला. ग्लेननं स्वतः सही केली.

मी एवढंच शिकलो, की जादा कोण हे शेवटी जो उभा राहतो त्याच्यावरून ठरतं. तोवर सही मागत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडच्या ग्लासहाऊसमध्ये गेलो. गाईंच्या बीटचे चाळीस ट्रे विरळणीला आले होते. पहिल्या जोडीपाशी हात जरा थांबला. मग स्टूल ओढून बसलो, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकेक ठेवून बाकीची सगळी उपटून टाकली.