हळू काडतूस

त्याला सगळा कारखाना ‘ठोकाका’ म्हणायचा. काडतुसांच्या कारखान्यात चाचणीच्या शेडमध्ये उभं राहून तो उभा जन्म गोळ्या झाडत आला होता. प्रत्येक खेपेतली मूठभर काडतुसं उडवून बघायची, ती बरी निघाली की माल बाहेर. माणूस कामाचा पक्का, पण हट्टी असा की विचारू नका. कान गेले होते त्याचे, आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं. “डॉक्टरकडे चला,” म्हणून सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला, हा आपला ढिम्म! कानांचं कळलं की बंदूक काढून घेणार आणि खोकी चिकटवायला बसवणार, एवढंच त्याच्या डोक्यात.

मोठ्या आवाजाच्या शेडमध्ये त्याचं निभावलं. तिथे सगळेच कान झाकून असायचे, बोलणं हाताच्या खुणांनी. बहिरा कोण, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग साहेबांना दया आली. “ठोकाका, वय झालं. हळू काडतुसांवर या, कान तरी वाचतील.”

हळू काडतूस म्हणजे आवाजापेक्षा सावकाश जाणारी गोळी. आवाजाच्या पुढे धावणारी गोळी हवेत कडाडत जाते, हिचं तसं नाही. दारू कमी, गोळी जड. नळीच्या तोंडाला आवाज दाबणारं नळकांडं बसवलं की दार आपटल्याएवढाच आवाज. पण फुकट काय मिळतंय? गोळी लांबवर खाली पडते, मार मऊ बसतो, आणि धक्का इतका कमी की पुढचं काडतूस आपोआप चढतही नाही, बोल्ट हाताने ओढावा लागतो. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुटलीच! आणि इथे बरी गोळी न् फुसकी गोळी, वाजतात जवळजवळ सारख्याच. म्हणून शेजारी दुर्बिणीला एक माणूस. निशाणावर भोक दिसलं नाही की त्यानं “थांबा!” म्हणून ओरडायचं. शांत काम, म्हणून खुणा बंद, सगळं तोंडी.

दुर्बिणीवर होता बायकोचा धाकटा भाऊ. महा बडबड्या. “भाऊजी, ताईच्या धाकानं वाचा बसली की काय?” ठोकाका हसून मान हलवायचा. एक शब्द पोचत नसे. ओरडला तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेलच, असा त्याचा भरवसा. अहो, नेम धरलेल्या माणसाला कसला आलाय कोपरा!

त्या सकाळी एक काडतूस फुसकं निघालं. खांद्याला धक्का जरा कमी बसला, पण या काडतुसांत तो कमी-जास्त व्हायचाच. त्यानं मनावर घेतलं नाही. बोल्ट ओढला, नेम धरला. मेव्हणा ओरडला. पुन्हा ओरडला. मग स्टूल लोटून ठोकाकाचा हात धरायला धावला, आणि नळी मेव्हण्याच्याच तोंडाशी फुटली. ठोकाकाला खरचटलंसुद्धा नाही. मेव्हण्याचा उजवा डोळा गेला.

पुढे चौकशी बसली. टेबलापलीकडे साहेब, बाजूला पट्टी बांधलेला मेव्हणा. ठोकाका त्याच्या ओठांवर नजर रोवून बसला होता.

“मी ओरडलोच नाही,” मेव्हणा म्हणाला. “माझंच लक्ष नव्हतं. भाऊजींचा काही दोष नाही.”

बोलावं, आत्ता बोलावं, असं ठोकाकाला वाटलं, पण जीभ उचलेना. आणि खरं सांगायचं तर, सुटलो असंही त्याला वाटलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी मान वर केली. त्यांची नजर ठोकाकाच्या खांद्यावरून मागे गेली, आणि सावकाश परत त्याच्यावर आली. मेव्हण्यानं उरलेला डोळा घट्ट मिटून घेतला.

ठोकाकानं मागे वळून पाहिलं. दारात कारखान्याचे डॉक्टर उभे होते, हाक मारून मारून लालबुंद झालेले.

“किती वेळ हाका मारताय?” ठोकाकानं विचारलं.