मार्केटपर्यंतचे खांब

परदेशात मुलाकडे, यिशुनमध्ये, आमच्या ब्लॉकसारखाच शेजारचा ब्लॉक, आणि त्याच्यासारखाच पुढचा. त्यामुळे बायकोनं एकदा भलत्याच ब्लॉकच्या आठव्या मजल्यावर जाऊन भलत्याच दाराला आमची किल्ली लावली, त्यात सगळी चूक तिची होती असं मला वाटलं नाही. आतून एक चिनी म्हातारी आली. तिनं हिला बसवलं, पाणी दिलं आणि हिच्याच मोबाइलवरून आमच्या मुलाला फोन लावला. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

मुलगा मात्र घाबरला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हिचा विसरण्याचा आजार अजून उंबरठ्यावर आहे. पुढे अल्झायमर होईल किंवा इथेच थांबेल. मुलानं दारापुढच्या लोखंडी गेटला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ही गेटचे गज धरून बसायची. "काय गुन्हा केला मी?" एवढंच विचारायची. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, जन्म गेला टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून. परक्या देशात, मुलाच्या घरात, त्याच्यापुढे काय बोलणार?

मुलाच्या ओळखीची पुण्याची एक मुलगी इथल्या विद्यापीठात मेंदूवर संशोधन करायची. तिच्या अभ्यासासाठी आमचे दोघांचे स्कॅन झाले. हिचा आजारासाठी, माझा तुलनेला. मशीनमध्ये मला दरदरून घाम फुटला. ही बाहेर आली आणि म्हणाली, "छान डुलकी लागली."

"काकू, झोपायचं नव्हतं हो," मुलगी म्हणाली. स्कॅन परत करावा लागला.

मग कँटीनमध्ये तिनं लॅपटॉपवर ठिपक्या-रेघांचं एक चित्र दाखवलं. "काका, मेंदूचा एखादा कोपराच बंद पडतो असं नाही. जोडण्या बिघडतात. जिथे खूप वाटा एकत्र येतात, त्या जागा लवकर दुबळ्या होतात. मग निरोप लांबच्या वळशानं जातो, नाहीतर पोचतच नाही."

"म्हणजे एक्सचेंज," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बोला ना, काका."

शिकलेल्या माणसानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी सांगितलं, मोठी केबल पाण्यात गेली की निम्मं गाव मुकं होतं. फोन ठीक, माणसं ठीक, मधली जोड गेलेली. पण त्याच केबलमध्ये तारांच्या एक-दोन जुन्या जोड्या शाबूत सापडतात. त्या हुडकायच्या आणि फोन त्यांवर टाकायचा.

ती हसली, मग सावरून म्हणाली, "मेंदूत इतकं सोपं नाही हं. आजार बरा होईल असं मी म्हणत नाही. पण अंगवळणी पडलेल्या जुन्या गोष्टी बऱ्याचदा जास्त टिकतात."

घरी येताना बसमध्ये मी तेवढाच विचार करत होतो. हिच्यात शाबूत काय आहे?

लग्न नवं होतं तेव्हा मी गावाबाहेर लाइनवर असायचो आणि ही भाकरी घेऊन यायची. तिला वाट ठाऊक नव्हती. मी सांगितलं होतं, "खांब सोडू नकोस." प्रत्येक खांबाला हात लावत, कान लावून तारांची गुणगुण ऐकत ती बरोबर माझ्यापर्यंत यायची.

आमच्या लिफ्टपासून मार्केटपर्यंत छपराची वाट आहे, दोन्ही बाजूंना खांब. दुसऱ्या दिवशी मुलाकडून किल्ली मागून घेतली, तिला खाली नेलं आणि म्हटलं, "खांब सोडू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या खांबावर तळवा टेकवला.

आधी मी पुढे चालायचो, मग शेजारून, मग दहा खांब मागून. एका ठिकाणी वाटेला फाटा फुटतो, तिथे ती दोनदा चुकली. खांबाला फडकं बांधावं तर दंड होईल, ही धास्ती. मग ठरवलं, जाताना डाव्या हाताचे खांब, येताना उजव्या. पुन्हा चुकली नाही.

एका रविवारी मी मुलाला म्हटलं, "आज आई एकटी जाईल." तो नको म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी वाद घातला.

शेवटी ती कोथिंबीर आणायला एकटी निघाली. आठव्या मजल्यावरून फक्त छप्पर दिसतं, खालचं माणूस दिसत नाही. मुलगा बूट घालून कठड्याशी उभा. मी मनात खांब मोजत होतो.

लिफ्ट उघडली. हातात कोथिंबिरीची जुडी, वर कोणी न सांगितलेल्या हिरव्या मिरच्या.

"दोघं इथे काय करताय? गॅसवर काही ठेवलंय का?"

मुलानं बूट काढले. त्यानं खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती कनवटीला खोचली आणि म्हणाली, "आता तुम्हाला कुठे जायचं असेल तर मला विचारून जा."

ती रोज जाऊ लागली. घरात कोथिंबीर असली तरी रोज नवी जुडी आणायची. सुनेनं कधी ब्र काढला नाही. ती त्या कोथिंबिरीच्या वड्या करायची. संशोधन करणाऱ्या त्या मुलीला आम्ही डबाभर वड्या पाठवल्या. डबा बायकोनं भरला आणि झाकण लावताना म्हणाली, "कोथिंबीर मी आणलीय, सांगा तिला."