यशूने मला बाहेर काढलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मोबाइलवर नातीचा सामना बघणं. भुसावळच्या घरी, दुपारी साडेचारला. शांता मेथी निवडत होती आणि मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. बर्फावरची हॉकी, बायकांची. आमची नात यशोधरा पंच. अंगात काळे-पांढरे पट्टे, दंडावर केशरी पट्टी. शांताला तो खेळ माझ्यापेक्षा जास्त कळायचा.

"बघा, आता त्या सोनेरी वेणीवालीला दोन मिनिटं बाजूला बसवते," ती म्हणाली. यशूने तसंच केलं. "बोलले ना?"

मी म्हटलं, "मेथीत काड्या राहिल्यात."

पुढच्या शनिवारी शांता गेली.

यशूची आई, म्हणजे माझी मुलगी संघमित्रा, परदेशातून एकटीच आली. जलदान विधी त्याच्या पुढच्या रविवारी होता. आमच्यात त्या दिवशी लोक एकेक करून उभे राहतात आणि गेलेल्या माणसाला आदरांजली वाहतात, दोन शब्द बोलतात. शेजारची कुसुम बोलली, दूधवाला बोलला. यशू नव्हती. तिचा सामना होता. मी सातवीपर्यंत शिकलेला, रेल्वेत गँगमन होतो, जन्मभर रूळ सांभाळले. पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही. संघूला सांगून टाकलं, "तिला खेळ मोठा, आजी लहान. माझ्याशी बोलू नको म्हणावं."

पाच महिने बोललो नाही. मग संघूने तिकीट पाठवलं. मी निघालो ते फिरायला नाही. तोंडावर विचारायला निघालो.

विमानतळावर यशू फुलं घेऊन उभी होती. "आबा, जयभीम."

जयभीम म्हटलं आणि फुलं संघूच्या हातात दिली.

त्यांचं घर बाडहूव्हडॉर्प नावाच्या डच गावात, विमानतळाला लागूनच. दुसऱ्या दिवशी घरामागच्या कालव्यावर गेलो. अठरा वर्षांपूर्वी शांता आणि मी इथे आलो होतो, तेव्हा हा कालवा गोठला होता. यशू सात वर्षांची. इथली लेकरं लाकडी खुर्ची पुढे ढकलत बर्फावर चालायला शिकतात. शांता त्या खुर्चीत जाऊन बसली, साडीवर दोन स्वेटर, कानाला मफलर. यशूने दिली ढकलून. "अगं पाडशील मला, भवाने!" शांता ओरडत होती आणि हसत होती. मी काठावर तिची पिशवी धरून उभा. एवढं हसताना तिला मी लग्नातही पाहिलं नव्हतं. आता तिथे बदकं पोहत होती. सायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबला, काहीतरी बोलला. संघूने सांगितलं, "म्हणतात, आता पूर्वीसारखं गोठत नाही."

त्या खुर्चीपासून पोरगी सुटली ती थेट हॉकीत गेली. मुलींचा संघ नव्हता म्हणून आधी मुलांत खेळली. दात पाडून घेतला. मग बायकांच्या संघात, गोलासमोर आडवी उभी राहायची. गुडघा दोनदा फाडून शिवला. तेविसाव्या वर्षी डॉक्टरने बंद म्हणून सांगितलं. महिनाभर खोलीतून निघेना. तेव्हा शांता तिला फोनवर म्हणाली, "खेळता येत नाही ना? मग दुसऱ्यांना नीट खेळू दे. तिथे कोणीतरी लागतंच की." त्यानंतर ती स्खाईड्सरेख्टर (पंच) झाली.

रविवारी तिचा सामना एनस्खेडेला होता. यशू आधीच गेलेली. संघू आणि मी गाडीने दोन तास. सपाट हिरवं रान, गायी, मग जंगल. डोंगर म्हणून औषधाला नाही.

स्टेडियमच्या आत थंडी अशी की दाढा वाजल्या. मोबाइलवर कळत नाही तो वेग काय असतो. दोन पोरी धडकल्या की मैदानाभोवतीच्या काचेसकट आमचा बाक हलायचा. आणि मधे आमची यशू, उलटी पळत, मान फिरवत. तिने एकीला बाहेर बसवलं. माझ्या शेजारचा जाडा माणूस उठून ओरडला.

"काय म्हणाला?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"संघू, काय म्हणाला?"

"स्वयंपाकघरात जा म्हणाला."

मी त्याचा मफलर धरला. त्याने माझा हात झटकला. मग मी खाली जाऊन हातातल्या काठीने काच बडवली, भुसावळच्या भाषेत जे सुचलं ते बोललो. शिट्टी वाजली. सगळा खेळ थांबला. यशू काचेपाशी आली. तिने त्या जाड्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"आबा, बाहेर."

रुळावर लाल झेंडी दाखवली की गाडी थांबलीच पाहिजे, आत साहेब असो की कुणाचा जावई. हे मला कोणी शिकवायला नको. गेलो बाहेर.

उपाहारगृहात आम्ही दोघं हाकललेले एकाच टेबलाशी. त्यानेच दोन वाट्या एर्तेनसूप (वाटाण्याचं घट्ट सूप) आणलं. "पंच तुमची नात?" त्याने माझ्या मागोमाग आलेल्या संघूमार्फत विचारलं. "चांगली आहे. पण आंधळी."

मी म्हटलं, "आंधळी असती तर आपण दोघं आत असतो."

तो इतका हसला की त्याचं सूप सांडलं. शांता गेल्यापासून मीही पहिल्यांदाच हसलो.

परतताना गाडी यशू चालवत होती. संघू मागे झोपलेली. मी विचारलंच. "आजीच्या जलदानाला का नाही आलीस?"

"मॅच... दुसरा पंच मिळत होता, आबा. मी विचारलं नाही."

"मग?"

"तिथे सगळे उभे राहून बोलतात. मला मराठी नीट येत नाही. मागच्या वेळी भुसावळला मी बोलले, सगळे हसले. आजीच्या दिवशी पण हसतील. मला भीती वाटली."

खोटं बोलून सुटता आलं असतं. सुटली नाही. बोट स्वतःकडेच दाखवलं तिने. मी पाच महिने जे बोलायचं ठरवलं होतं, ते तोंडातच राहिलं. कारण एक गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. भुसावळला माझी पाळी आली तेव्हा मीही उठलो नव्हतो. हात हलवून नाही म्हटलं होतं. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे. मला भीती होती, शिकलेल्या माणसांपुढे काय बोलू म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी आंघोळ केली. टेबलावर बुद्धांच्या मूर्तीशेजारी शांताचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. त्रिसरण-पंचशील म्हटलं. मग यशूला म्हटलं, "उभी राहा. बोल. कुठल्या भाषेत बोलायचं ते तुझं तू बघ."

ती बोलली. अर्धं मराठी, अर्धं डच, मधे नुसतं रडणं. मला निम्मं कळलं. कोणी हसलं नाही. ती बसली, मग मी टोपी काढली, फोटोसमोर उभा राहिलो आणि शांताबद्दल बोलायला लागलो.