नसलेल्या राज्याचा झेंडा

फोन आला तेव्हा मी मशीनवर बसून एका ब्लाऊजला अस्तर लावत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "कुसुमबाई, तुमचे भाऊ गेले." मी पायडलवरून पाय काढलाच नाही... कापड संपलं तरी सुई आपली चालतच राहिली. आता महिना उलटून गेलाय, पण अजून मला ते खरं वाटत नाही. माझा थोरला भाऊ मनोहर. बोरी अरबच्या शाळेत त्याने जन्मभर चित्रकला शिकवली आणि रिटायर झाल्यावर एकच काम केलं. जे राज्य अजून झालंच नाही, त्याचा झेंडा आणि राजमुद्रा काढत बसला. दुसरी माणसं या वयात नातवंडं खेळवतात!

"राज्य पाह्यजे म्हणतात सारे, अन् झेंडा कोणाजवळच नाई," असं त्याचं म्हणणं. वेगळ्या विदर्भाच्या मोर्चाला तो कधी गेला नाही. भाषणं सुरू झाली की त्याला झोप येई. पण अंगणात पडल्या पडल्या, आभाळाकडे बघत तो तासन्‌तास रंग जुळवायचा. डोळे मिटलेले असले तरी आम्हाला कळायचं, हा आता त्याच्या राज्यात हिंडतोय, हाक मारून उपयोग नाही. त्याची इच्छा तशी लहानशीच होती आणि ती त्याने माझ्याजवळ कितीदा तरी बोलून दाखवली. असा झेंडा करायचा की गावातल्या कोणाचीच त्याला ना नसेल, आणि तो वाऱ्यावर हलताना एकदा डोळ्यांनी पाहायचा. तो काढायचा आणि मी दारव्ह्याला माझ्या दुकानात शिवायची. शिवणावळ म्हणून चिवड्याचा पुडा मिळायचा.

सोपं नव्हतं हो ते. भगवा, निळा, हिरवा, कोणताही रंग घ्या, एसटीतल्या सीटसारखा त्यावर कोणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवलेला. मुद्रेत बैलजोडी काढली तर समोरच्या घरातले रामभाऊ म्हणाले, "बैल आता कोणाजवळ राह्यले, मास्तर? ट्रॅक्टर काढा." वाघ काढला तर जंगलाकडून आलेल्या पाहुण्याने हातच जोडले, तो आमच्या गोठ्यात येतो तेवढा पुरे म्हणाला. संत्रं म्हटलं की सगळे म्हणत, ते नागपूरवाल्यांचं. कापसाच्या बोंडावर त्याचा फार जीव होता, तर रामभाऊंच्या शांताबाई म्हणाल्या की वर्षभर तेच पाहतो आम्ही, झेंड्यावर तरी दुसरं काही दिसू द्या. भाऊ चिडत नसे. प्रत्येकाचं ऐकून घरी यायचा आणि खोडरबर घेऊन बसायचा. चिडायची ती मीच.

एकदा त्याने ठरवलं, रंग मातीचा घ्यायचा. काळी माती सगळ्यांच्याच पायाखाली असते, तिला कोण नाही म्हणेल? मी काळं पॉपलीन आणून झेंडा शिवला, त्याने तो गच्चीवर बांबूला लावला आणि नेमका त्याच दिवशी गावातून मंत्र्याचा ताफा जाणार होता. काळा झेंडा म्हणजे निषेध, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही, बघा. पोलीस दारात आला, तो भाऊचाच जुना विद्यार्थी निघाला. भाऊने त्याला बसवून मातीचं महत्त्व समजावलं. त्याने चहा घेतला, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "सर, माती चांगलीच हाय. पण आज उतरवा." भाऊने मुकाट्याने झेंडा उतरवला. उतरवल्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. "वाराच नव्हता व, कुसुम," तो मला म्हणाला, "एकदाही हालला नाई तो."

मग किडनीचं दुखणं आलं. यवतमाळच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, हात थरथरायला लागला. तरी एक दिवस वहिनीच्या हाती त्याने कापड पाठवलं. खाली काळी पट्टी, वर कोरा मांजरपाट आणि मधे खडूने आखलेलं एक रिकामं वर्तुळ. मधात काय घ्यायचं ते सुचत नाही, जरा थांब, असा निरोप होता. मी थांबले. होळी गेली, पोळा गेला... वर्तुळ आपलं रिकामंच. मशीनवर बसलं की ते माझ्याकडे टकामका बघायचं. तांड्यावरच्या बंजारा बायका माझ्याकडे शिवायला येतात, त्यांच्या चोळ्यांना लावायचे आरसे माझ्या डब्यात पडलेले असतात. एका दुपारी माझं डोकंच फिरलं. त्यातला सगळ्यात मोठा, पाणीपुरीच्या पुरीएवढा आरसा काढला, त्या वर्तुळात टाके घालून पक्का बसवला आणि बोरीची एसटी धरली.

वाटलं होतं, रागावेल. तो उशीला टेकून त्यात बघत राहिला... बघतच राहिला.

"हे कोनं सुचवलं तुले?"

"कोन सुचवते? भोक पाहू पाहू कंटाळली मी."

तो इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. मग काय, जो भेटायला येईल त्याच्यापुढे झेंडा धरायचा. रामभाऊंनी मिशी सारखी केली, शांताबाईंनी कुंकू नीट केलं, कोणी नुसताच घाम पुसला. हरकत मात्र एकानेही घेतली नाही. सगळे गेल्यावर भाऊने माझा हात धरला आणि म्हणाला, "झाला व आपला झेंडा."

पण गच्चीवर चढायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. मी आणि वहिनीनेच तो वर लावला. खाली आलो तर भाऊ खिडकीबाहेर बघत होता. रामभाऊंच्या भिंतीवर आरशातल्या उन्हाचा एक कवडसा नाचत होता. पत्र्यावर चढायचा, ट्रॅक्टरवरून घसरायचा, पुन्हा भिंतीवर यायचा.

"हालून राह्यला, कुसुम," तो म्हणाला. "दिसून राह्यला मले."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले, त्यात लाज कसली.

त्याच आठवड्यात तो गेला. झेंडा अजून गच्चीवरच आहे, वहिनी कोणाला हात लावू देत नाही. रविवारी मी जाते, त्याच्या पलंगाच्या कडेला बसते आणि समोरची भिंत बघते. मधेच वारा पडतो, कवडसा एका जागी थांबतो. मी श्वास रोखून बसते आणि मनात म्हणते, हाल न रे, भाऊ.